दूर ठेवण्याची वही

सरांची आणि आमच्या शाळेची गाठ एका चुकलेल्या इंग्रजी वाक्यामुळे पडली. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना ते इतके गंभीर होते की मला हसू दाबून धरावं लागलं.

तरुणपणी ते कुडाळच्या बाजूला एका शाळेत इंग्रजी शिकवत. घर वालावलला, सायकलनं जाऊन-येऊन नोकरी. संस्थेनं त्यांची बदली खाडीकाठच्या आमच्या शाळेत केली. घरी आई आजारी होती, त्यांना यायचं नव्हतं. पण वरिष्ठांसमोर उभं राहून 'नको' म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून अर्ज केला. इंग्रजीत केला, म्हणजे वजन पडेल. 'आय कॅनॉट रेझिस्ट धिस ट्रान्सफर.' त्यांना म्हणायचं होतं, ही बदली मला सोसवणार नाही. इंग्रजीत त्याचा अर्थ झाला, या बदलीचा मोह मला आवरतच नाही. कार्यालयातल्या कुणीतरी अर्जावर लाल शाईनं 'उत्तम, ताबडतोब रुजू व्हावे' असा शेरा मारला. सर ट्रंक घेऊन आले ते निवृत्त होईपर्यंत इथंच राहिले.

"एका क्रियापदानं माझा घात केला, बाई," ते म्हणाले. "त्या दिवशी ठरवलं, या जातीचं एकही क्रियापद यापुढं चुकू द्यायचं नाही."

ही जात म्हणजे काहीतरी आपल्यापासून दूर ठेवण्याची. रोखणं, परतवणं, थोपवणं, टाळणं, हुसकावणं. इंग्रजीत यासाठी जेवढे शब्द आहेत तेवढे सरांनी एका दोनशेपानी वहीत जमवले होते. वहीला खाकी कव्हर आणि वर सुंदर अक्षरात नाव: 'दूर ठेवणे'. डाव्या पानावर इंग्रजी शब्द, उजव्या पानावर तो शब्द आपल्या गावात कुठं दिसतो त्याची नोंद. अर्थ नाही लिहायचे. "अर्थ डिक्शनरीत असतातच. मला पत्ता हवा," असं म्हणत.

मी दोन हजार सालच्या जूनमध्ये त्या शाळेत विज्ञान शिकवायला आले. कसालची मी, वडिलांची भातशेती आणि काजूची थोडी बाग. खाडी, होड्या, सुकत घातलेल्या मासळीचा वास, सगळंच नवीन. पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत बाकीच्यांनी माझं गाव, शिक्षण, लग्न वगैरे विचारून घेतलं. सरांनी विचारलं, "बाई, कुत्रा अंगावर आला तर काय कराल?"

"पळेन," मी म्हटलं.

"ते वेगळं प्रकरण. पळायचं नाही असं ठरवलंत तर?"

मी विचार करून म्हटलं, "दगड उचलल्यासारखं करीन."

सरांचा चेहरा उजळला. "डिटर!" ते म्हणाले. "दगड मारला नाहीत, नुसता धाक घातलात. छान." आणि त्यांनी वही काढून उजव्या पानावर लिहिलं, 'नवीन बाई, कुत्रा, न मारलेला दगड'. त्या शाळेतली माझी पहिली नोंद हजेरीपटाआधी त्या वहीत झाली.

मुलं त्यांना रेझिस्टसर म्हणत. तोंडावरसुद्धा. त्यांचे तास वर्गात कमी आणि बाहेर जास्त. 'स्टेव्ह ऑफ' शिकवायचं तर अकरा वाजता सगळ्या वर्गाला शेजारच्या घरी नेऊन एकेक वाटी पेज पाजायची. "भूक मेली का? नाही. जेवणापर्यंत पुढं ढकलली. हे स्टेव्ह ऑफ." 'वॉर्ड ऑफ'साठी मीठ-मिरच्या मुठीत धरून नातवाची दृष्ट काढणाऱ्या एका आजीला त्यांनी वर्गात आणलं होतं. 'फेंड ऑफ'साठी धक्क्यावर. तिथं आबा म्हणून एक म्हातारे होते, जन्म होडीवर गेलेला. होडी धक्क्यावर आदळू नये म्हणून ते बांबूनं तिला हळूच परत ढकलत.

"बघा," सर ओरडले, "आबा आत्ता फेंड ऑफ करतायत!"

आबा थांबले. "ह्येका तुमच्या इंग्रजीत शब्द आसा?"

"आहे ना."

"मगे माका इंग्रजी येता म्हणा की," आबा म्हणाले आणि पुन्हा बांबू टेकवला.

उत्तरपत्रिका तपासतानाही हाच काटेकोरपणा. एका मुलानं वाक्य केलं होतं, 'मदर रिपेल्ड मी'. सरांनी त्याला बोलावून घेतलं.

"आईनं काय केलं?"

"केरसुणी घेऊन अंगार इली."

"मग तू परत गेलास?"

"नाय सर. थंयच रवलंय."

"मग रिपेल्ड कसं होईल? आलेला परत गेला पाहिजे. इथं आईनं नुसता प्रयत्न केला." अर्धा गुण कापला. मुलगा तक्रार घेऊन माझ्याकडं आला. मी काय सांगणार? केरसुणीसमोर उभं राहण्याबद्दल अर्धा गुण वाढवून द्यायला हवा होता, असं मला वाटलं.

आणि एवढ्या शब्दांचा हा धनी स्वतः कुणालाही, कशालाही दूर ठेवू शकत नसे. जनगणना आली की सर, निवडणूक आली की सर, कुणाचा तास रिकामा असला की सर. मासेवाली बाई दुपारी उरलेले, डोळे पांढरे पडलेले बांगडे यांच्याच पिशवीत टाकून जाई. विम्याचा एजंट आला की सर आधीच खुर्ची पुढं सरकवत. त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकी म्हणत असू, एकदा मला म्हणाल्या, "ह्यांका नाय म्हणूक येणा नाय गो. इंग्रजीत चाळीस तऱ्हेन येता, म्हणतत. पण दारात कोण इलो काय ह्यांचा तोंड उघडणा नाय."

काकींचा स्वतःचा भाऊ दाताच्या उपचारासाठी म्हणून पंधरा दिवस आला तो तीन वर्षं राहिला. दात केव्हाच बरे झाले होते. सरांची आरामखुर्ची त्यानं घेतली, मग सकाळचा पेपर घेतला, मग खिडकीजवळची जागा. सर पायरीवर बसून वही लिहीत. मी धीर करून विचारलं, "सर, यांच्यासाठी तुमच्या वहीत काहीच नाही?"

सरांनी खरोखर पानं उलटून पाहिली. "नाही हो, बाई. हे सगळे शब्द माणूस दाराबाहेर असतानाचे आहेत. आत आल्यावरचे शब्द वेगळे असतात. ते मी अजून जमवायला घेतले नाहीत."

मला तेव्हा त्यांची कीव येई, खरं सांगते. भला माणूस, पण कुचकामी, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये प्रयोगशाळेतलं लाकडी फडताळ कोसळलं. त्याचे पाय वाळवीनं खाल्ले होते. दुरुस्त करून द्या म्हणून मी तीनदा लेखी दिलं होतं. नववीचा तास चालू होता. आम्लाची बाटली फुटली आणि एका मुलीच्या हातावर उडालं. मी तिथंच होते. तिचा हात ओढून नळाखाली धरला, तर नळाला पाणी नाही. मी ओरडले. शेजारच्या वर्गातून सर धावत आले, पाहिलं, आणि उलटे पळत जाऊन विहिरीवरनं बादली भरून आणली. पुन्हा दुसरी, पुन्हा तिसरी. मी ओतत राहिले. मुलीचा हात वाचला. मनगटाजवळ रुपयाएवढा डाग राहिला, तेवढाच.

पण माझी तीन वर्षं जूनमध्ये पुरी होणार होती. त्यानंतर मी कायम होणार. आणि आमच्या अध्यक्षांची पुतणी त्याच वर्षी विज्ञान घेऊन बी.एड. झाली होती. चार दिवसांत एक अहवाल तयार झाला. त्यात लिहिलं होतं की अपघात झाला तेव्हा मी वर्गात नव्हते, परवानगी न घेता एसटी स्टँडवर गेले होते. मुलांचं म्हणणं कोण धरतं? मोठ्या माणसांपैकी पाहणारे एकटे सर. साक्षीदार म्हणून त्यांची सही हवी होती.

शाळा सुटल्यावर मला कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. दार अर्धंच लावलेलं, त्यामुळं आतलं सगळं ऐकू येत होतं. अध्यक्ष मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसले होते, मुख्याध्यापक बाजूच्या स्टुलावर. सरांना आत बोलावलं. ते माझ्याकडं न बघता गेले. मी मनात म्हटलं, संपलं. या माणसाला शिळे बांगडे परत देता येत नाहीत.

"सर, एवढी सही करा," मुख्याध्यापक म्हणाले. "रूटीन आहे."

कागद उलटल्याचा आवाज आला. सर वाचत असणार.

"यात बाई वर्गात नव्हत्या असं लिहिलंय."

"हो."

"त्या होत्या."

"तुम्ही नंतर आलात ना?" अध्यक्ष म्हणाले. "आधीचं तुम्हाला काय माहीत?"

"मी आलो तेव्हा त्यांनी मुलीचा हात धरला होता. बादली मी आणली. ओतलं त्यांनी."

अध्यक्ष हसल्याचा आवाज आला. मग त्यांचा आवाज मऊ झाला. तुमच्या नोकरीची दोन वर्षं राहिली, सर. आयुष्यभर कुणाच्या अध्यात-मध्यात नव्हतात. आता कशाला? बाई तरुण आहेत, दुसरीकडं लागतील. पुढं पुष्कळ बोलले. मध्येच सरांना चहा दिला गेला. पेनाचं टोपण काढून कुणीतरी ते पुढं केलं असावं, कारण मुख्याध्यापक म्हणाले, "घ्या, हे घ्या."

आणि मग सर बोलले. शाळेच्या आवारात ते कधी मालवणी बोलत नसत. त्या दिवशी त्यांच्या तोंडून तेच आलं. आवाज अगदी बारीक.

"माका ह्या जमाचा नाय."

"म्हणजे?"

"माका ह्या जमाचा नाय," सर पुन्हा म्हणाले.

अध्यक्ष रागावले, टेबलावर हात आपटला, मुख्याध्यापकांनी समजूत काढली, पुन्हा अध्यक्ष रागावले. सर उठूनही गेले नाहीत आणि सहीही केली नाही. साडेचारला आत गेले होते. साडेपाचची एसटी गेली, साडेसहाची गेली. शेवटी अध्यक्षच उठले आणि माझ्याकडं नजरही न टाकता बाकासमोरून निघून गेले. शिपाई कुलूप घेऊन आला तेव्हा सर बाहेर आले.

मी उभी राहिले. सर सरळ नळाकडं गेले, पण तिथवर पोचलेच नाहीत. बदामाच्या झाडाखाली वाकले आणि भडभडून उलटी झाली. मी पाणी आणून दिलं. चूळ भरून ते बुंध्याला टेकून बसले.

"मला फार भीती वाटली, बाई," ते म्हणाले. "अजून वाटत्येय. हे बघा." त्यांनी हात पुढं केले. थरथरत होते, दोन्ही. आपलेच हात ते एखादी नवलाची वस्तू दाखवावी तसे मला दाखवत होते.

मी आभार मानायला तोंड उघडलं तर म्हणाले, "काकीला सांगू नका. ती जेवायची नाही."

जूनमध्ये मी कायम झाले. साक्षीदाराच्या सहीवाचून तो अहवाल पुढं गेलाच नाही. आणि त्याच जूनमध्ये सरांचं इंग्रजी काढून घेतलं. पाचवीची शारीरिक कवायत आणि कार्यानुभव एवढंच दिलं. तीस वर्षं ज्यानं इंग्रजी शिकवलं तो माणूस पांढरी इस्त्रीची पँट घालून, शिटी गळ्यात अडकवून उन्हात उभा राहू लागला. मी वरच्या वर्गाच्या खिडकीतून बघत असे आणि माझा खडू फळ्यावरच थांबे. एकदा कवायतीच्या वेळी मोठ्या वर्गातली मुलं कठड्यावरून ओरडली, "सर, आज खंयचा क्रियापद?"

"रन!" सर ओरडले आणि शिटी फुंकली. पाचवीची पोरं उधळली. सर स्वतःही त्यांच्या मागून धावत गेले.

मी एकदा म्हटलं, "सर, माझ्यामुळं तुमचं..."

"तुमच्यामुळं काही नाही," ते मध्येच म्हणाले. "अध्यक्षांमुळं. दोष नेमका द्यावा, बाई. शब्दासारखा."

दोन हजार पाचला ते निवृत्त झाले. संस्थेनं निरोप समारंभ केला नाही. ज्या दिवशी त्यांचं सामान टेम्पोत चढलं त्या दिवशी आबा धक्क्यावरून वर आले आणि ताजी सुरमई काकींच्या हातात देऊन गेले. मेव्हणा त्याआधीच कुठंतरी लग्नाला म्हणून गेला होता. तिथंच राहिला असेल. सर वालावलला गेले. मी वर्षातून एकदा-दोनदा जाऊन येई. तळ्याच्या बाजूला घर, मागं दोन-चार माड. वही चालूच होती.

इथं थांबले तर हे सरांचं चित्र पुरं झालं असं कुणाला वाटेल. पण मला माझंही सांगायला हवं.

दोन हजार नऊपर्यंत मी सगळ्यांत जुनी शिक्षिका झाले होते. मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि प्रभारी म्हणून मी बसले. अध्यक्ष तेच. मला कायमची मुख्याध्यापिका करायचं त्यांच्या मनात आहे, असं कानावर होतं. एप्रिलअखेर संगणकाच्या खोलीतून दोन बॅटऱ्या नाहीशा झाल्या. किल्ली अध्यक्षांच्या ओळखीच्या कंत्राटदाराकडं होती, हे मला ठाऊक होतं, मीच ती त्याला दिलेली. पण माझ्यासमोर कागद आला त्यात लिहिलं होतं की किल्ली बाबलकडं होती. बाबल म्हणजे आमचा शिपाई. घरात तीन मुली. सही केली की तो निलंबित होणार.

मी सही केली. कुणी टेबलावर हात आपटला नाही, कुणी दोन शब्द जास्तीचे बोललं नाही. कागद सरकवला, मी केली, चहा आला, मी प्यायले.

पुढच्या रविवारी मी वालावलला गेले. सर मागच्या अंगणात आमसुलांसाठी रातांब्यांची सोलं उन्हात पसरत होते. हात कोपरापर्यंत लाल. निवृत्तीनंतर ते माझ्याशी मालवणीतच बोलत आणि 'बाई'चं 'गो' झालं होतं. मी पायरीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. आवाज न चढवता, अहवाल वाचावा तसं. सर सोलं पालथी करत ऐकत राहिले. मला वाटलं, आता हे मान फिरवतील. निदान विचारतील की त्या दिवशी बाकावर कोण बसलं होतं. मी त्याची तयारी करून गेले होते.

त्यांनी विचारलं, "कितको वेळ बसलंस थंय?"

"कुठं?"

"कागदासमोर."

मी आठवलं. "पाच मिनिटं. तीसुद्धा नसतील."

"मगे परत जावन बस," सर म्हणाले.

"आता? आता काय उपयोग? सही झाली सर. कागद पुढं गेला."

"गेल्लो कागद परत मागूक येता. किल्ली कोणाक दिलंस ता लिही. तुझीच सही, तुझोच हात." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "भिया वाटतला. उलटी पण होतली. होवंदे."

काकींनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

सोमवारी मी गेले. आदल्या रात्री लिहिलेलं पत्र टेबलावर ठेवलं: माझं आधीचं निवेदन चुकीचं आहे, किल्ली मी अमक्याला दिली होती, तारीख अशी. अध्यक्षांनी वाचलं. मग फोन झाले, माणसं आली, गेली. मला आठवण करून दिली गेली की मी अजून प्रभारीच आहे. मी पत्र मागं घेतलं नाही. मला एकही इंग्रजी शब्द आठवत नव्हता. मी फक्त त्या खुर्चीवरून उठले नाही. दुपार झाली, ऊन खिडकीतून टेबलावर आलं आणि टेबलावरून खाली उतरलं. संध्याकाळी अध्यक्ष म्हणाले, "ठेवा तो कागद," आणि गाडीत बसून गेले.

बाबलचं निलंबन झालं नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मुख्याध्यापक म्हणून दुसऱ्या शाळेतले एक गृहस्थ रुजू झाले, माझ्याहून सहा वर्षांनी धाकटे. मी पुन्हा विज्ञानाच्या तासांवर आले. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सरांना फोन लावला.

"सर, मुख्याध्यापकपद गेलं."

पलीकडं ताटं मांडल्याचा आवाज येत होता. काकी कुणाला तरी हाक मारत होत्या.

"आणि बाबलो?" सरांनी विचारलं.

"आहे. आज सकाळची घंटा त्यानंच दिली."

"बरा झाला," सर म्हणाले. "आता जेवूक जातंय. पान वाढल्यानी आसा."